पथ्य मोडल्यानंतर

आजच्या भाषणाचा विषय आहाराचा असला, तरी कोणता आहार श्रेष्ठ या वादांत मी शिरणार नाहीं. तो अधिकार डॉक्टरांचा आणि वैद्यांचा. मला बोलावयाचें आहे तें पथ्य मोडल्यानंतर येणाऱ्या दुसऱ्या दिवसाविषयीं. पथ्य सुरू कसें करावें हें सांगणारे आपणांस पावलोपावलीं भेटतात. शेजारी सांगतात, सोयरे सांगतात, आगगाडीच्या डब्यांत समोर बसलेला अनोळखी गृहस्थही सांगतो. परंतु पथ्य मोडलें तर काय करावें, हें सांगणारा क्वचितच भेटतो. जणू कांहीं पथ्य मोडणारा मनुष्य जगांत नाहींच! वास्तविक पाहतां, पथ्य करणारा प्रत्येक मनुष्य तें केव्हांना केव्हां मोडतो. म्हणून या दुसऱ्या दिवसाचा विचार आधींच करून ठेवणें शहाणपणाचें आहे.

अलीकडे आपल्या घराघरांतून ज्या पथ्याचें नांव ऐकूं येतें, तें कर्बोदकें कमी करण्याचें पथ्य होय. भात, पोळी, भाकरी, साखर, गूळ, बटाटा, साबुदाणा, गोड फळें यांमध्यें ज्या द्रव्याचें प्राबल्य असतें, त्यास आहारशास्त्रांत कर्बोदक म्हणतात. पचनानंतर त्याची बहुतांशीं ग्लुकोज नांवाची साखर होते व ती रक्तांत उतरते. हें द्रव्य बेतानें घ्यावयाचें आणि ताटांतील मोकळी झालेली जागा पालेभाज्या, फळभाज्या, अंडीं, मासे, पनीर, दाणे, आणि मोजकी डाळ यांनीं भरून काढावयाची, असें या पथ्याचें स्वरूप आहे. दिवसाकाठीं १३० ग्रॅमहून कमी कर्बोदकें घेतलीं, म्हणजे त्यास अल्प-कर्बोदक आहार म्हणण्याचा प्रघात आहे. फार कडक प्रकारांत हेंच प्रमाण २० ते ५० ग्रॅमपर्यंत खालीं आणतात.

ही कल्पना नवी नाहीं. प्रमेहाच्या कारणांमध्यें नवें धान्य, गुळाचे पदार्थ आणि बैठें सुख यांची गणना चरकसंहितेंत केलेली आहे. पश्चिमेकडे लंडनमधील विल्यम बँटिंग नांवाच्या गृहस्थानें १८६३ सालीं स्थूलतेविषयीं एक लहानशी पुस्तिका लिहून ही पद्धति लोकप्रिय केली. तो अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा धंदा करीत असे. १८६२ च्या ऑगस्टमध्यें त्याचें वजन २०२ पौंड होतें आणि उंची अवघी ५ फूट ५ इंच. कानांच्या तक्रारीसाठीं तो हार्वे नांवाच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनीं त्याचा पाव, साखर, बटाटा आणि बीअर बंद केली. सुमारें एका वर्षांत त्याचें वजन ४६ पौंडांनीं उतरलें. या गृहस्थाच्या नांवावरून इंग्रजींत आहार नियमित करण्यास एक क्रियापदच रूढ झालें होतें, आणि स्वीडिश भाषेंत तें अजूनही प्रचारांत आहे.

आपल्याकडे हा विषय केवळ शरीर सडपातळ दिसण्याचा राहिलेला नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली जी मोठी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्या हिशेबाप्रमाणें देशांत मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या घरांत आहे. एवढ्या लोकांपैकीं कितीतरी जणांस डॉक्टर सांगतात कीं, भात-पोळी कमी करा. ते कमी करतात, कांहीं आठवडे नेटानें चालवितात, आणि मग एखादें लग्न येतें, एखादी मंगळागौर येते, आजोळीं आमरस होतो, आणि पथ्य मोडतें.

आतां प्रथम शरीराचा हिशेब पाहूं. कारण पथ्य मोडल्यावर मनांत जी भीति उत्पन्न होते, ती बहुधा चुकीच्या गणितांतून आलेली असते. समजा, एखाद्या गृहिणीनें तीन महिने संयम पाळून होळीच्या दिवशीं मनसोक्त पुरणपोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती वजनाच्या कांट्यावर उभी राहते, तों कांटा दीड किलो पुढें गेलेला. तिला वाटतें, महिन्याभराची कमाई एका पंक्तीला उडाली. परंतु हें शक्य तरी आहे काय? अंगावर एक किलो चरबी चढावयास सुमारें ७,७०० उष्मांक गरजेहून अधिक पोटांत जावे लागतात. एक पुरणपोळी ३०० उष्मांकांची धरली, तर नेहमींचें जेवण जेवून शिवाय २५ पोळ्या खाल्ल्या पाहिजेत, तेव्हां कोठें एक किलो चरबी होणार. दीड किलोस ३८ पोळ्या! असा भोजनभाऊ पुराणांत असेल. आपल्या घरांत नाहीं.

मग कांटा खोटें बोलला काय? तेंही नाहीं. आपलें शरीर यकृतांत आणि स्नायूंत ग्लायकोजेन नांवाच्या रूपानें साखरेचा सांठा करून ठेवतें. पूर्ण भरलेला असतांना हा सांठा मोठ्या माणसांत सुमारें ४०० ते ५०० ग्रॅम असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें ३ ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. कर्बोदकें कमी केलीं म्हणजे हा सांठा उतरतो आणि त्याबरोबर पाणीही निघून जातें. पुन्हां पोटभर गोड खाल्लें, कीं रिकामी कोठी भरते आणि पाणी परत येतें. सणाच्या जेवणांतील लोणचें-पापडाचें मीठही आणखी थोडें पाणी धरून ठेवतें. म्हणजे कांट्यानें दाखविलेला तो दीड किलो मुख्यतः पाण्याचा भार असून, पथ्य पूर्ववत् सुरू केल्यावर थोड्या दिवसांत तो आपोआप उतरतो. हेंच गणित दुसऱ्या बाजूनेंही ध्यानांत ठेवावें. पथ्याच्या पहिल्या आठवड्यांत जे दोन किलो झरझर उतरतात आणि ज्यांचा आपण सर्वांस आनंदानें अहवाल देतों, त्यांतही मोठा वांटा पाण्याचाच असतो.

मधुमेही माणसाची गोष्ट थोडी निराळी आहे. गोड खाल्ल्यावर त्याच्या रक्तांतील साखर त्या दिवशीं चढते, ही गोष्ट खरी आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाहीं. परंतु डॉक्टर जी तीन महिन्यांची म्हणून तपासणी करावयास सांगतात, ती तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. या पेशींचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें असल्यामुळें त्या तपासणींत गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. एका दुपारच्या जेवणानें ती सरासरी फारशी हलत नाहीं. ती हलते पुढच्या अनेक दुपारींच्या जेवणांनीं.

येथें मला एका गृहस्थांची हकीकत सांगितली पाहिजे. ते माझ्या परिचयाचे. कचेरींतील नोकरींतून निवृत्त झालेले, अत्यंत टापटिपीचे. मधुमेह जुना. डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांनीं वैशाखापासून भात-पोळी कमी केली आणि श्रावण संपेपर्यंत सात किलो वजन उतरविलें. साखर इतकी आटोक्यांत आली, कीं डॉक्टरांनीं एक गोळी निम्मी केली. गणेशचतुर्थीस ते थोरल्या बंधूंकडे गेले. वहिनींनीं उकडीचे मोदक केले होते. साजूक तुपाची धार धरून त्यांनीं आग्रहानें वाढलें. यांनीं पांच मोदक खाल्ले. दुसऱ्या दिवशीं कांट्यानें तें दीड किलोचें पाणी दाखविलें. “झालें, चार महिन्यांची तपश्चर्या गेली,” असें म्हणून त्यांनीं उरलेले मोदकही संपविले. मग ठरलें, कीं आतां गणपति आहेत, विसर्जनानंतर पाहूं. विसर्जन झालें, तों दसरा जवळ आला. दसऱ्याचें दिवाळीवर गेलें, दिवाळीचें नव्या वर्षावर. मध्यंतरीं त्यांनीं साखर तपासली नाहीं, कारण आंकडा पाहण्याची भीति. डॉक्टरांकडे गेले नाहींत, कारण काय तोंड दाखवावें ही लाज. पौष महिन्यांत नव्या वहाणेनें पायाच्या अंगठ्यास चावा घेतला. पायांची संवेदना अगोदरच बोथट झालेली, त्यामुळें जखम कळलीच नाहीं. कळली तेव्हां ती चिघळली होती. चढलेल्या साखरेंत जखम लवकर भरून येत नाहीं. शेवटीं अंगठा काढावा लागला.

रुग्णालयांत मी भेटावयास गेलों, तेव्हां ते म्हणाले, “मास्तर, पांच मोदकांनीं माझा अंगठा नेला.” आजारी माणसाशीं वाद घालूं नये, म्हणून मी गप्प राहिलों. परंतु मला तेव्हांही वाटलें आणि आजही वाटतें, कीं मोदकांवर हा आरोप अन्यायाचा आहे. मोदक भाद्रपदांतील एका दुपारचे. त्यानंतरचे चार महिने तपासणी नाहीं, डॉक्टर नाहीं, पथ्य नाहीं, त्या चार महिन्यांचा हिशेब कोणाच्या नांवें मांडावयाचा?

असें कां होतें? शहाणीं, विचारी माणसें एका घांसानंतर सारा डोलारा कां सोडून देतात? या प्रश्नाचा मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोगानें विचार केलेला आहे. १९७५ सालीं हर्मन आणि मॅक या दोघांनीं अमेरिकेंत महाविद्यालयीन विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. कांहींना आधीं दुधाचें गोड दाट पेय पाजलें, कांहींना पाजलें नाहीं. आणि मग सर्वांपुढें आईस्क्रीम ठेवून, चव पाहून मत द्या, हवें तेवढें खा, असें सांगितलें. ज्या मुली खाण्यावर बंधन ठेवीत नव्हत्या, त्यांनीं पेय पोटांत गेल्यावर आईस्क्रीम कमी खाल्लें, हें स्वाभाविकच. परंतु ज्या मुली एरव्हीं खाण्यावर सक्त नजर ठेवीत असत, त्यांनीं पेय प्याल्यावर उलट अधिक खाल्लें! नियम मोडलाच आहे, आतां मागें कशास राहावयाचें, अशी ही वृत्ति. आपल्याकडे बुडत्याचा पाय खोलांत म्हणतात, तें हेंच.

पुढें १९८५ सालीं मार्लाट आणि गॉर्डन यांनीं व्यसनमुक्तीविषयीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत एक मोठा उपयुक्त भेद केला आहे. एकदां घसरणें निराळें आणि पूर्वस्थितीस जाऊन पडणें निराळें. पहिल्यास आपण ठेंच म्हणूं आणि दुसऱ्यास पतन. ठेंच लागल्यावर मनुष्य स्वतःस काय सांगतो, यावर पतन होणार कीं नाहीं हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. “त्या दिवशीं मी उपाशी होतों आणि समोर जिलबी होती,” असें जो म्हणतो, तो पुढच्या वेळीं घरून कांहीं खाऊन निघेल. “माझ्यांत मुळीं निग्रहच नाहीं,” असें जो म्हणतो, त्यानें स्वतःपुढें करण्यासारखें कांहींच शिल्लक ठेवलें नाहीं.

कोणी म्हणेल, मग काय चुकीला चूक म्हणूंच नये? स्वतःचे लाड करावे? मास्तरकी करतांना हा प्रश्न माझ्यापुढें अनेकदां आला आहे. एक दिवस शाळा बुडविलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशीं वर्गांत सर्वांसमक्ष लाजविलें, तर तो तिसऱ्या दिवशीं येतच नाहीं, हा अनुभव जुन्या शिक्षकांपैकीं कोणास नाहीं? हजेरीच्या पुस्तकांत त्याच्या नांवापुढें त्या दिवसाची गैरहजेरी मांडावी, ती खोडूं नये. परंतु आजच्या रकान्यांत आजची हजेरी भरावी. याच अर्थाचा एक प्रयोग अॅडम्स आणि लीअरी यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केला. खाण्यावर बंधन ठेवणाऱ्या मुलींना प्रथम एक तळलेला गोड पदार्थ खावयास दिला. नंतर त्यांपैकीं कांहींना, असें सर्वांकडूनच होतें, स्वतःवर फार कठोर होऊं नका, असे दोन सौम्य शब्द सांगितले. ज्यांना हे शब्द सांगितले, त्यांनीं पुढें ठेवलेली मिठाई इतरांपेक्षां कमी खाल्ली. सौम्यपणानें शिस्त ढिली होते, हा समज या ठिकाणीं तरी खरा ठरला नाहीं.

आतां प्रत्यक्ष उपायांकडे वळूं.

पहिली गोष्ट, पथ्य पुन्हां सुरू करण्यास मुहूर्त पाहूं नये. सोमवारपासून, एक तारखेपासून, पाडव्यापासून, हे सारे संकल्प म्हणजे मधल्या दिवसांत मनसोक्त खाण्याचे परवाने होत. दुपारीं श्रीखंड-पुरी झाली असेल, तर त्याच रात्रीं भूक असेल तेवढी भाजी, थोडें पिठलें किंवा अंडें आणि ताक असें नेहमींचें पथ्याचें जेवण घ्यावें. मोडलेलें जेवण एक. पुढचें जेवण नियमाचें. एवढ्या एका गोष्टीनें निम्मे काम होतें.

दुसरी गोष्ट, प्रायश्चित्त म्हणून उपास करूं नये. काल अधिक खाल्लें, म्हणून आज निर्जळी, असा हिशेब पुष्कळ लोक मांडतात. याचा परिणाम असा होतो, कीं संध्याकाळीं भूक अनावर होऊन पथ्य दुसऱ्यांदा मोडतें. शिवाय आपल्याकडचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस आणि रताळें. १०० ग्रॅम कोरड्या तांदळांत सुमारें ७८ ग्रॅम कर्बोदकें असतात, तर तितक्याच साबुदाण्यांत ८७ ग्रॅमच्या आसपास. प्रायश्चित्त पापाहून जड व्हावें, तें असें! भाकरीविषयींही थोडा असाच समज आहे. ज्वारीच्या पिठांत तंतुमय भाग असल्यानें तें मैद्याहून खात्रीनें चांगलें. परंतु त्यांतही कर्बोदकें शेंकडा ७० च्या आसपास आहेतच. भात सोडून तीन भाकऱ्या खाणारा मनुष्य, आपलें पथ्य चालू आहे, या समजुतींत ते रोज मोडीत असतो.

या संबंधांत मधुमेही श्रोत्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. जे इन्सुलिन टोंचून घेतात, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या शरीरांतील इन्सुलिन वाढविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं मनानें उपास केला, तर साखर धोक्याच्या पातळीखालीं उतरूं शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या नव्या गोळ्या जे घेतात, त्यांनीं अति कडक पथ्य किंवा लांबलचक उपास डॉक्टरांस विचारल्याखेरीज मुळींच करूं नये. त्यांच्या रक्तांत आम्ल वाढून जिवावर बेतण्याचा संभव असतो. गोड खाल्लें म्हणून स्वतःच्या मतानें गोळी वाढवूं नये, आणि पथ्य उत्तम चाललें म्हणून ती सोडूंही नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं आणि गरोदर स्त्रियांनीं तर हें पथ्य डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सुरूच करूं नये.

आणि एक प्रसंग असा आहे, कीं त्या वेळीं साखर खाणें हेंच कर्तव्य ठरतें. हातपाय कांपूं लागले, दरदरून घाम सुटला, छातींत धडधडूं लागलें, डोकें भ्रमल्यासारखें झालें आणि साखर ७० च्या खालीं दिसली, तर पथ्याचा विचार मनांत न आणतां सुमारें १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यांतून घ्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें आणि गरज वाटल्यास पुन्हां घ्यावी. तपासण्याचें यंत्र जवळ नसेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवावा. मनुष्य शुद्धीवर नसेल, तर तोंडांत कांहीं न घालतां तत्काळ दवाखान्यांत न्यावें. ही साखर औषध आहे. पथ्य मोडेल या भीतीनें ती न घेणारीं निष्ठावंत माणसें असतात, म्हणून मुद्दाम सांगितलें.

तिसरी गोष्ट, उरलेल्या पदार्थाची. सणाचा दिवस एक असतो, परंतु डब्यांतील लाडू आठ दिवस पुरतात. पथ्य बहुधा पंक्तींत एकदां मोडतें आणि डब्यापाशीं दहा वेळां. उरलेलें गोड त्याच दिवशीं शेजारीं, नातलगांकडे, कामास येणाऱ्या बाईंच्या मुलांना पोहोंचतें करावें. येथें आपल्या गृहिणींची एक अडचण बोलून दाखविली पाहिजे. अन्न वायां जाऊं नये, हा त्यांच्यावरील संस्कार थोर आहे. परंतु त्या संस्कारापायीं मुलांच्या ताटांतील अर्धी पोळी आणि पातेल्यांतील तळाचा भात त्यांच्याच पोटांत जातो, आणि पथ्य न चालल्याचा दोषही त्यांच्याच माथीं येतो. अन्न वांचवावयाचें, तर तें थोडें रांधून वांचवावें. एका माणसाचें पोट हें घरांतील शिळ्या अन्नाचें कोठार नव्हे.

चौथी गोष्ट, वजन दुसऱ्या दिवशीं न करतां आठवड्यानें करावें. साखर मात्र जशी एरव्हीं तपासतां तशी तपासावी आणि आलेला आंकडा वहींत प्रामाणिकपणें लिहावा. वाईट आंकडा पाहून डॉक्टर रागावतील, ही भीति सोडून द्यावी. डॉक्टर एखादे वेळीं रागावतीलही. परंतु त्यांच्यापासून लपविलेला आंकडा त्यांच्या उपयोगी पडत नाहीं, आणि आपल्याही नाहीं.

पांचवी गोष्ट, पथ्य कां मोडलें याची शांतपणें चौकशी करावी. कारणें बहुधा चारच सांपडतात. भूक, आग्रह, शीण अथवा दुःख, आणि अज्ञान. भुकेवर उपाय म्हणजे लग्नाला रिकाम्या पोटीं न जाणें. निघण्यापूर्वीं मूठभर दाणे आणि वाटीभर दही पोटांत असलें, कीं जिलबीचें सामर्थ्य निम्मे होतें. आग्रहावर उपाय म्हणजे उत्तर आधींच ठरवून ठेवणें. “एकच घेईन, आणि तो तुमच्या हातचा म्हणून घेईन,” असें म्हटल्यानें यजमानीणबाईंचा मानही राहतो आणि हिशेबही राहतो. शिणावर आणि दुःखावर खाणें हें औषध नाहीं, हें सर्वांस ठाऊक असतें. तरी रात्रीं एकटें असतांना हात डब्याकडे जातो. अशा वेळीं कोणाशीं तरी बोलावें, चार पावलें फिरून यावें, लवकर निजावें. अज्ञानाचा उपाय सर्वांत सोपा. पदार्थांत काय आहे तें विचारावें आणि वेष्टनावरचा मजकूर वाचावा.

सहावी आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, कीं पथ्य वरचेवर मोडूं लागलें, तर दोष आपल्या निग्रहाचा न मानतां पथ्याच्या मापाचा आहे काय, हें पाहावें. २००५ सालीं बोस्टन येथें १६० लोकांना चार निरनिराळे प्रसिद्ध आहार वांटून देऊन त्यांचें वर्षभर निरीक्षण केलें. त्यांतील एक अति अल्प कर्बोदकांचा, एक अति अल्प स्निग्धांशाचा, बाकीचे मधले. वर्षाअखेर चारींमध्यें सरासरी वजनांत फारसें अंतर पडलें नाहीं. परंतु कोणताही आहार असो, ज्यांनीं तो अधिक निष्ठेनें चालविला, त्यांचें वजन अधिक उतरलें. यावरून उघड होतें, कीं जें पथ्य आपल्याच्यानें चालतें, तें आपल्यासाठीं चांगलें. २० ग्रॅमचें पथ्य दर आठवड्यास मोडत असेल, तर डॉक्टरांशीं बोलून तें १०० ग्रॅमचें करावें. दुपारीं एक भाकरी ठेवावी आणि रात्रींची सोडावी. सणाच्या दिवशींचा एक मोदक आधींच नियमांत बसवून घेतला, तर तो खाल्ल्यानें नियम मोडत नाहीं.

आणि सवय लागावयास वेळ लागतो, हेंही विसरूं नये. लंडनच्या विद्यापीठांत फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ९६ लोकांवर अभ्यास करून २००९ सालीं असें दाखविलें, कीं एखादी नवी गोष्ट अंगवळणीं पडावयास मध्यम हिशेबानें ६६ दिवस लागतात. कांहींना १८ दिवस पुरतात, कांहींना २५४ लागण्याचा अंदाज निघाला. याच अभ्यासांत त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. मध्यें एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्याच्या क्रियेंत त्यामुळें म्हणण्यासारखा व्यत्यय येत नाहीं. एका वारींत खंड पडला, म्हणून आपला वारकरी गळ्यांतील माळ उतरवून ठेवीत नाहीं. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं व्रताबरोबर प्रायश्चित्ताचीही सोय सांगून ठेवली, ती माणसाचा स्वभाव ओळखूनच. व्रत मोडणार, हें गृहीत धरूनच त्यांनीं व्रतें नेमून दिलीं.

शेवटीं दोन शब्द घरच्या मंडळींसाठीं. पथ्य करणाऱ्या माणसानें एखादा लाडू उचलला, तर “काय, सुटलें का पथ्य?” असें विनोदानेंही म्हणूं नये. तुमचा विनोद त्याला दुसऱ्या दिवशीं चोरून खावयास शिकवितो. आणि चोरून खाल्लेल्या घांसाची नोंद कोणत्याही वहींत होत नाहीं. त्यापेक्षां संध्याकाळीं त्याच्या ताटांत नेहमींची भाजी आणि ताक निमूटपणें वाढावें. फार तर एवढेंच विचारावें, “आज फिरावयास केव्हां निघावयाचें?” ज्या गृहस्थांची हकीकत मीं सांगितली, ते आतां काठी घेऊन रोज सकाळीं फिरावयास जातात आणि पथ्यही सांभाळतात. गेल्या चतुर्थीस त्यांनीं एक मोदक घेतला, वहींत लिहिला, आणि रात्रीं घरीं येऊन मुगाचें धिरडें आणि पालेभाजी जेवले. तो मोदक त्यांना बाधला नाहीं.

श्रोतेहो, आपणांपैकीं कोणाचें पथ्य आज दुपारीं मोडलें असेल, तर रात्रींचें जेवण अद्यापि व्हावयाचें आहे. तेथूनच सुरुवात करावी.